अकरा वाकळा आणि एक मोडका क

मी, विजयमाला उकंडा मनवर, वय त्रेपन्न, धंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणे आणि दर रविवारी जिल्ह्याच्या पेपरात एक तिरकस सदर लिहिणे, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवते की आज शुक्रवारी माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि हे लिही म्हणून कोणी मानेवर बसलेले नाही. लिहू नको म्हणणारे मात्र दोन-तीन जण आहेत. येत्या सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आमचं हे रोजचं आहे." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

सगळे माझ्या अक्षरात आहे. अर्जनवीस लावलेला नाही. का, ते कलम दोनमध्ये कळेल.

कलम १. वारस. मी लग्न केले नाही. दोन स्थळे आली होती. दोघांच्या बायोडाटामधले ऱ्हस्वदीर्घ मी त्यांच्यासमोरच सुधारून दिले, त्यानंतर तिसरे आले नाही. त्यामुळे मी काही लिहून न ठेवता गेले तर माझे सर्व काही थोरला भाऊ बबनराव उकंडा मनवर याच्याकडे जाईल. तसे होऊ नये एवढ्यासाठी पुढची पाने खर्ची घातली आहेत.

कलम २. पूर्वपीठिका. माझी माय, पंचफुला, वाकळा शिवायची. जुनी लुगडी, बापाचे सदरे, आमचे विटलेले फ्रॉक आणि चड्ड्या यांचे टीचभर चौकोन कापायचे, जोडायचे आणि हाताने धावदोरा घालत पार मधल्या चौकोनापर्यंत जायचे. अशा बारा वाकळा तिने केल्या. आमच्याकडे ळ चा य होतो, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. काळा तो काया, केळी ती केयी आणि वाकळ ती वाकय.

सन २०१४ मध्ये माय अंथरुणाला खिळली. बबनरावने घरी अर्जनवीस आणला. गृहस्थ तिकडचे, पुण्याकडून आलेले, भाषेचे भारी सोवळे. मी त्या दिवशी निवडणुकीच्या कामावर उमरखेडला, मतदान यंत्रांची राखण करत होते. माय म्हणाली, "घर बबनले. माह्या साऱ्या वाकया विजूले." अर्जनवीसांना वाटले, म्हातारीला नीट बोलता येत नाही. त्यांनी तिचे बोलणे शुद्ध केले आणि लिहिले: "घर, आतील सामानासह, मुलगा बबनराव यास. माझी सर्व वाक्ये मुलगी विजयमाला हिस." मायने अंगठा दिला आणि आठव्या दिवशी गेली.

तेराव्या नव्हे, पंधराव्या दिवशी मी बोलले.

"दादा, वाकया मले देल्या हायेत मायनं."

"कागदात वाकया कुठं हाय? तू मास्तरीन हाय, तूच वाच."

मी वाचले.

"मंग घेऊन जा ना तुही वाक्यं. मी अडवलं का?"

मराठीच्या शिक्षिकेला शुद्धलेखनाने असे लुटलेले दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. मी वाक्ये घेऊन आले. पुढच्याच रविवारी सदर सुरू झाले. पहिल्या वर्षीचे बहुतेक लेख एका माणसावर होते. नाव बदलले होते, मिशा तशाच ठेवल्या होत्या.

कलम ३. फळ्या. माझ्या टिनाच्या खोलीत अकरा प्लायवूडच्या फळ्या टांगलेल्या आहेत. पेपरवाले त्यांना कोलाज म्हणतात. त्या कशा झाल्या हे कळल्याशिवाय कोणाला द्यायच्या हे कळणार नाही.

बबनरावने मायच्या वाकळा वापरल्या, म्हणजे वाट लावली. एक कूलरवर झाकण म्हणून टाकली. एक सोयाबीन वाळवायला अंथरली. एक मोटारसायकलच्या सीटवर दोरीने बांधली. एक कुत्रीला बाळंतपणासाठी दिली, त्यात निदान एका बाईचा विचार झाला. प्रत्येक वाकळ मेल्यावर तो ती उकिरड्यावर टाकायचा आणि त्याची मुलगी निकिता ती उचलून माझ्याकडे आणायची. पहिली आणली तेव्हा ती सहावीत होती. "आत्या, याच्यातले चार चौकोन अजून जित्ते हायेत," म्हणाली.

ते चार चौकोन मी फळीवर बसवले आणि ज्या वस्तूने वाकळ मारली तिचे अवशेष भोवती लावले. कूलरच्या वाकळीला कूलरची गंजकी जाळी. सोयाबीनच्या वाकळीला बियाण्याच्या पिशव्यांचे बिल्ले. सीटवरच्या वाकळीला इंडिकेटरची लाल काच. मग सवयच लागली. फुटक्या बांगड्या, बंद पडलेली सिमकार्डे, ब्लाउजचे हूक, शाळेच्या घंटेचा तुटका टोल, जे सापडेल ते. सुरुवातीला मी गोंद वापरत होते. तांड्यावरची बिजलीबाई आरसे आणि कवड्या द्यायला आली, तिने फळीचा वास घेतला.

"गोंद लावतं काय बाई? कापड हाय का पोस्टाचं पाकीट हाय?"

त्या दिवसापासून प्लायवूडला भोके पाडून सगळे सुईनेच धरते.

यवतमाळला या फळ्यांचे प्रदर्शन झाले. पुण्याचे एक जाणकार आले होते. मान तिरकी करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "रंग छान आहेत, पण विदर्भाचं दुःख जरा कमी पडतंय." मी म्हटले, मागणी नोंदवून ठेवते. तेवढ्यात निकिताने ओढून आणलेला बबनराव तिसऱ्या फळीपुढे थांबला आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्याने बोलला, "हा तं आमचा कूलर हाय." लोक हसले. त्याला काही तिथे दुःख कमी पडले नाही.

तेव्हापासून त्याचे म्हणणे असे, की कापड त्याचे, कूलर त्याचा, बहिणीची फक्त सुई, म्हणून फळ्या त्याच्या. आर्णीचा मंडपवाला विक्की याने हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणेही करून ठेवले आहे. जेवणाऱ्यांच्या डोक्यावर मायचे लुगडे लटकणार आणि लोक खाली शेवभाजी मागवणार.

म्हणून: अकराही फळ्या निकिता बबनराव मनवर हिला. तिने विकू नयेत. विकायच्याच झाल्या तर निदान ज्या भिंतीखाली मिरचीची फोडणी होते तिथे विकू नयेत.

कलम ४. हत्यारे. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या, दाभण, भोके पाडायचा पोगर आणि हातोडी निकिताला. मायची सुई, जी मशीनच्या खणात लाल फडक्यात आहे आणि जिचे नेढे एका बाजूने झिजले आहे, तीही निकिताला. बबनराव यास यातली टाचणीसुद्धा नाही.

कलम ५. घर. माझ्या दोन खोल्या आणि टिनाची खोली निकिताला. एका अटीवर: बबनरावची बायको, माझी रुपाली वहिनी, हिला रुसून येऊन पुढच्या खोलीत बसण्याचा हक्क राहील. एका वेळी तीन दिवसांपर्यंत. काहून आली असे तिला कोणी विचारू नये, चहा विचारावा. हा हक्क ती गेली वीस वर्षे वापरत आहे, मी फक्त कागदावर घेते. बँकेत जे काही आहे तेही निकिताचे. पासबुकात वाचण्यासारखे फार नाही.

कलम ६. बिजलीबाई हिला तिचे उरलेले सगळे आरसे आणि कवड्या परत, डब्यासकट. डबा तिचाच आहे. माझा म्हणून मी तो आठ वर्षे वापरला.

कलम ७. विक्की यास. दोन वर्षांपूर्वी त्याने एका लग्नाला "ग्रामीण थीम" केली होती आणि बबनरावकडून मायची एक वाकळ मागून बैलगाडीच्या चाकामागे खिळ्यांनी ठोकली होती. वऱ्हाडी सगळे खेड्यातले. गाडीतून उतरून ते खेडे पाहायला लायनीत उभे राहिले आणि फोटो काढले. ते आठ खिळे मी दहाव्या फळीवरून काढून पाकिटात ठेवले आहेत. विक्कीचे त्याला द्यावेत.

कलम ८. बबनराव उकंडा मनवर यास माझी सर्व वाक्ये. अकरा वर्षांच्या सदराची कात्रणे पेटीत तारखेवार लावलेली आहेत. त्याने ती वाचावीत. न कळल्यास मुलीकडून वाचून घ्यावीत, म्हणजे दोघांनाही बरे वाटेल. मायचे जे मला मिळाले, तेच त्याला देत आहे. तक्रारीला जागा नाही.

कलम ९. बारावी वाकळ. ही एकच धड आहे. ती बबनरावच्या पलंगावर असते. मी ती दहा वेळा मागितली: दोनदा निकिताबरोबर निरोप पाठवून आणि आठदा पेपरातून. बारावी फळी कापून, भोके पाडून तयार आहे. माझ्या पश्चात निकिताने ती वाकळ बापाच्या अंगावरून ओढून काढावी, चौकोन कापावेत आणि फळी पुरी करावी. तो झोपलेला असला तरी चालेल.

(येथपर्यंत शुक्रवारी लिहिले. खालील शनिवारी.)

कलम १०. काल लिहिलेले खोडत नाही. खाडाखोड दिसली की सरकारी माणसाला झोप येत नाही. पण आज सकाळी बबनराव आला होता, ते नोंदवणे भाग आहे. अकरा वर्षांत तो प्रथमच माझ्या उंबऱ्याच्या आत आला. काखेत गाठोडे होते.

"सोमवारी चालली मने नागपूरले."

"हो."

"तिथं एशी लावते रातभर. पोरगी सांगून राह्यलती." त्याने गाठोडे पलंगावर ठेवले. "हे घेऊन जा. मायची हाय. गरम राह्यते."

बारावी वाकळ होती. मी म्हटले, "कागदात तं वाक्यं हायेत दादा."

तो खाली बसला. वहाणांकडे पाहत बोलला, "मले माहीत होतं. मी तिथंच बसलो होतो. माय वाकयाच म्हनली."

"मंग त्या मानसाले सांगतलं काहून नाई?"

"मले वाटलं, तू येशीन, भांडशीन, उचलून घेऊन जाशीन. म्या तं बांधूनबी ठेवल्या होत्या. तू एकडाव आली, कागद वाचला अन गेली. मंग पेपरात लिहाले लागली." मग म्हणाला, "मले राग आला. म्हनलं, मंग टाका कूलरवर."

अकरा वर्षे रोज एक माणूस घरी वाट पाहत होता की बहीण येऊन भांडेल. आणि मी सहाशे गज लांब बसून त्याच्यावर अलंकारिक गद्य लिहीत होते. सगळा जिल्हा वाचत होता. ज्याला वाचायला हवे होते, त्याला माझे शब्द कळत नव्हते आणि ज्या भाषेत कळले असते ती मी विद्यार्थ्यांच्या वहीत लाल शाईने सुधारत होते. अर्जनवीस एकच होता असे मी समजत होते.

त्याला चहा दिला. त्याने साखर कमी असल्याचे सांगितले आणि गेला. याहून जास्त काही झाले नाही. निकिताने नंतर कोणाला रंगवून सांगू नये.

तो गेल्यावर वाकळ उलगडली. मधला चौकोन माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचा आहे, शेजारचा त्याच्या खाकी चड्डीचा. तीन कडा फाटल्या होत्या आणि त्या कोणीतरी काळ्या सुतळीने, पोते शिवायच्या दाभणाने शिवल्या आहेत. वहिनीचा हात असा नाही. निकिताचा तर नाहीच. टाके एवढे वाईट आहेत की शिवणाऱ्याबद्दल शंका उरत नाही.

सबब कलम ४ मध्ये बदल करते: मायची सुई बबनराव यास द्यावी. टाके लहान घालावेत.

कलम ८ तसेच राहील. वाकळ आणली म्हणून वाक्ये माफ होत नाहीत.

कलम ९ रद्द. बाराव्या वाकळीला कोणी कात्री लावू नये. सोमवारी ती मी नागपूरला नेत आहे. परत आले तर मीच त्याच्या घरी नेऊन देईन आणि दारातच भांडेन, राहिलेली सगळी वर्षे धरून. नाही आले, तर निकिताने ती कडक उन्हात वाळवून बापाच्या पलंगावर अंथरावी. बारावी फळी भोके पाडलेली, कोरी, बाकीच्यांच्या ओळीत टांगावी. पुण्याच्या जाणकारांना त्यात हवे तेवढे दुःख दिसेल.

पुढे वाद नको म्हणून अक्षर फोडून लिहिते. वस्तूचे नाव वाकय. व ला काना, मग क, मग य. क पूर्ण आहे. तो मोडून कोणी वाचू नये.

ठिकाण: आर्णी
तारीख: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

(सही) विजयमाला उकंडा मनवर

आमच्या समोर लिहिणारीने सही केली, तिच्यासमोर आम्ही:

१. वामनराव भगत, निवृत्त मुख्याध्यापक, आर्णी. (सही) वाचून सही केली. दोन ठिकाणी स्वल्पविराम हवा होता.

२. रुखमाबाई, शेजारीण, आर्णी. डाव्या हाताचा अंगठा. अंगठा देण्याआधी त्यांनी विचारले, "वाकयच लिवलं ना, बाई?" त्यांना अक्षर दाखवले. वाचता येत नाही, तरी त्यांनी त्यावरून बोट फिरवून पाहिले, आणि मग अंगठा दिला.