चौसष्ट सालचा पहिला नंबर

३ मार्च

ती. ताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्रच बरं. या खेपेला चौसष्ट सालचे सिनेमे घ्यायचं ठरलं होतं. पाचही पुन्हा पाहून नंबर लावले. पहिला दीपगृहवाला, दुसरा मुक्या सुताराचा, कोर्टाचा तिसरा, दोन बहिणींचा चौथा. घोड्यांचा पाचवा, तोही तुझ्या भिडेखातर.

दीपगृहवाल्यात एक गंमत सापडली. मध्यंतरानंतर नायकाचा वरचा पुढचा दात वेगळाच आहे. शूटिंग चालू असताना पडला असणार. म्हणून तो पुढे ओठ मिटून हसतो, आणि आपण समजतो की दुःखामुळे. आम्ही तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला.

तब्येत ठीक. जेवण वेळेवर. पडदे बदलले. तुझे नंबर कळव, आणि माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

११ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझी बायको, देव तिला वर सुखात ठेवो, केस कापून आली होती तेव्हा तुला आठवड्याने कळलं. असा माणूस नटाचे दात मोजतो? मी उभा जन्म परीक्षेच्या वर्गात रांगांमधून फिरले आहे. शेजारच्याचं उत्तर उतरवलेलं मला लांबून ओळखू येतं.

बरं, ‘आम्ही’ म्हणजे कोण? तू आणि पडदे? आणि ज्या कोर्टाच्या सिनेमासाठी तू आपल्या वडिलांशी अबोला धरलास, तो एकाएकी तिसरा? पाणी कुठेतरी मुरतंय. एकटा माणूस, स्वतःचं घर, मन लोण्यासारखं. गोड बोलणारे आधी सिनेमावर बोलतात आणि मग कागदावर सही मागतात. कुठे काही लिहून दिलं नाहीस ना?

माझा पहिला नंबर कोर्टाचाच. बाकीचे तुझं उत्तर आल्यावर. स्वतःला जप, म्हणजे मला जपल्यासारखं होईल.

ताई

२० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे न कळवता बाबांकडे गेलो. दार लोटलेलंच होतं. पाहतो तर बाबांच्या आरामखुर्चीत एक पांढऱ्या केसांच्या बाई, पाय स्टुलावर, हातात रिमोट. टीव्हीवर सिनेमा थांबवलेला. आणि आपले बाबा, ज्यांना चहाचं आधण ठेवता येत नव्हतं, ते आत कॉफी करत होते.

मी बाईंना विचारलं, की येणं कशासाठी केलंत. त्या म्हणाल्या, कोर्टाच्या सिनेमासाठी. मला वाटलं, चेष्टा करतायत. माझं डोकं फिरलं. घर माझ्या नावावर झालंय, इथे तुमच्या हाती काही लागायचं नाही, असं बोलून गेलो. खोटं होतं, पण तोंडातून निघालं. बाई उठल्या, चष्मा डबीत ठेवला, बूट घातले. बाबा कप घेऊन बाहेर आले, तर त्यांना एवढंच म्हणाल्या, की उरलेला तुम्ही बघून घ्या. बाबा कपासकट जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले.

तेव्हापासून ते माझा फोन घेत नाहीत. केलं ते बरोबरच केलं, असं मी बायकोला सांगतो. तुला काय वाटतं ते लिही. लोभ राहू दे.

तुझा भाचा

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या दातांच्या डॉक्टर आहेत. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुमजली घर आहे, खाली दवाखाना. माझ्या दोन खोल्या घेऊन त्या काय करणार होत्या?

कोर्टाच्या सिनेमात आई साक्षीला उभी राहते आणि पोटच्या पोराविरुद्ध बोलते. तिथे मी कायम टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, की तिने त्याला विचारलं खरं, पण उत्तराला थांबली कुठे? म्हणून तो तिसरा झाला. तूही मला विचारलंस, आणि माझं उत्तर टपालात पडायच्या आत पोराला धाडलंस.

मी दोनदा दवाखान्यात जाऊन आलो. मदतनीस मुलगी सांगते, बाई कामात आहेत. आता नंबर पुरे. पुढचं साल तू एकटीच घे.

भाऊ

५ एप्रिल

डॉक्टरबाईंस,
स. न. वि. वि.

ती संशयी बहीण मी. भाच्याचे शब्द त्याचे होते, पाठवणं माझं होतं.

भावजय गेल्यावर भाऊ बोलेनासा झाला. जेवलास का विचारलं तर उत्तर नाही, पण सिनेमाचं विचारलं तर चार ओळी यायच्या. म्हणून मी हे नंबरांचं काढलं. त्या ओळींमधून त्याचं जेवणखाण, झोप, सगळं वाचायला शिकले. मग अचानक त्या ओळींत दुसरं कुणी बोलू लागलं. आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. माझं एवढं एकच दार होतं, आणि त्यात कुणी उभं होतं.

कोर्टाचा सिनेमा मी पुन्हा पाहिला. तुमचं म्हणणं मान्य. दीपगृहवाला पहिला, हे मात्र अजून पटत नाही. माझ्यावरचा राग भाऊवर काढू नका. एवढी भीड ठेवाल, अशी आशा करते.

आपली,
भाऊंची ताई

१४ एप्रिल

ताईंस,
स. न. वि. वि.

संशय मीही घेतला होता. तुमचे भाऊ न दुखणारा दात दाखवायला तीनदा आले. मला हा गृहस्थ बरा वाटेना. मग कळलं, की माझ्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर जुने सिनेमे चालू असतात, आणि नंबर लवकर लागल्यामुळे यांचा दीपगृहवाला दर वेळी अर्धा राहत होता.

काल ते पुन्हा आले. मदतनीस मुलीला न जुमानता बाकावर बसून राहिले. शेवटचा पेशंट गेल्यावर मी शेजारी जाऊन बसले. घोड्यांचा लागला होता. तो आम्ही पूर्ण पाहिला. पाचवा हे फारच अन्यायाचं आहे, दुसरा तरी हवा. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. तुम्ही या. मत दोनास एक झाल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत.

तुमच्या भाच्याला मी अजून माफ केलेलं नाही. परवा त्याचा फोन आला होता. चाचरत माफी मागितली आणि मग म्हणाला, की गाल सुजलाय. शनिवारी बोलावलंय. लक्षणांवरून अक्कलदाढ येतेय असं वाटतं. उशिरा का होईना.

येण्याचं कळवा.

आपली,
दातांची डॉक्टर