एकाच घमेल्यातलं खाद्य

५ फेब्रुवारी

धाकटी आली. दोन बॅगा, आणि टोपलीत चार तलंगा नि एक कोंबडा! नवऱ्याचं घर सोडताना बायका दागिने आणतात, हिने कोंबड्या आणल्या. "ताई, थोडेच दिवस," म्हणाली. आईच्या आजारपणात नऊ वर्षं हिला इकडची वाट सापडत नव्हती. आता बरी सापडली.

६ फेब्रुवारी

माझ्या अकरा कोंबड्या, सगळ्या अंड्यावरच्या, रोज अंडी देणाऱ्या. हिच्या तलंगा अजून अंड्यावर यायच्यात. "यांना वेगळं काही घालायचं का गं?" असं चाचरत विचारलं तिने. मी म्हटलं, या घरात घमेलं एकच. माझ्या कोंबड्या लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्यांचं खाद्य खातात, तुझ्याही खातील. कवच घट्ट व्हावं म्हणून त्यात चुना भरपूर असतो. हाडं मजबूत होतील, बिघडलं कुठे?

लहानपणी साय हिच्या वाटीत आणि खालचं दूध माझ्या. ते लाड आता बंद. तिने घमेलं उचललं आणि खुराड्यात नेऊन ठेवलं.

२० फेब्रुवारी

पडदे शिवायचं काम आलंय, मशीनवरून उठायला फुरसत नाही. धाकटी न सांगता खुराडं झाडते, पाणी बदलते, भांडी घासते. इतकं गोड वागलेलं मला सोसत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

२२ मार्च

कोंबडा कोपऱ्यात बसून आहे. पांढरी, पातळ शीट. पाणी मात्र ढसाढसा पितो.

२५ मार्च

कोंबडा मेला. माझ्या अकराही ठणठणीत — म्हणजे दोष कुणाचा ते उघड आहे. मी स्पष्टच विचारलं, "कसला रोग घेऊन आलीस माझ्या घरात?" तिने कोंबडा कागदात गुंडाळला आणि बाहेर पडली. पुरून यायला दोन तास लागले बाईसाहेबांना.

८ एप्रिल

आज एक तलंग गेली. म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावूच. पिशवीत घातली आणि जनावरांच्या डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन गेले. रोग आहे असं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे बाकीच्या तीन घेऊन जा असं हिला तोंडावर सांगता आलं असतं.

त्यांनी चिरून दाखवली. मूत्रपिंडं सुजलेली, आत खडूसारखा पांढरा साका. "खायला काय घालता?" मी सांगितलं. "अहो, लेअरचं खाद्य अंड्यावरच्यांना. कोंबड्याला आणि तलंगांना एवढा चुना पचत नाही. मिश्र कळप असेल तर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं कमी चुन्याचं खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज ती टिपेल, बाकीच्या तोंड लावणार नाहीत." इतकं सोपं! एक वाटी जास्त ठेवायची होती.

घरी आले. धाकटी दारातच उभी. "काय म्हणाले गं?"

"रोग," मी म्हटलं.

९ एप्रिल

कालचं वाचलं. तो एक शब्द कसा बाहेर पडला, माहीत नाही. नाही, खोटं कशाला लिहू? माहीत आहे. चूक माझी म्हटली असती तर ती वर झाली असती, आणि नऊ वर्षं मी एकटीने आईचं सगळं केलं त्याला मग काय अर्थ राहिला असता? उद्या सांगेन.

१० एप्रिल

सांगितलं नाही.

११ एप्रिल

ती गेली. मैत्रिणीकडे एक खोली आहे म्हणाली. तिन्ही तलंगा टोपलीत घालून दारात थांबली. "माझ्याच कोंबड्यांनी रोग आणला, ताई. तुझ्या वाचल्या हे नशीब. माफ कर." मी मान हलवली. माफ केल्यासारखी!

घर नीटनेटकं आहे. ओटासुद्धा पुसून गेली.

१४ एप्रिल

खाद्याच्या दुकानात गेले होते. ग्रोअरचं पोतं तिच्याकडे पोचवायचं, आणि सोबत खरं काय ते सांगायचं, असं ठरवून. ग्रोअर मागितलं तसा दुकानदार म्हणाला, "धाकट्या ताईंनी शेवटी तुम्हाला सांगितलं म्हणायचं. कोंबडा मेला त्या दिवशी इथेच आल्या होत्या. मी सगळं समजावलं, पोतं काढूनही ठेवलं. पण नेलं नाही. म्हणाल्या, घर ताईचं आहे, तिची चूक मी कशी दाखवू."