जुमला आणि राजीनामा

देवास, ३ ऑगस्ट २००८
वही, उशीर झाला, राग धरू नकोस. चष्म्याची काडी मोडली होती. शिवाय हे वेबसाइटचे काम. आमचे देवासचे महाराष्ट्र मंडळ आणि धारचे मंडळ मिळून एकच करायची आहे. कशी करायची ते ठरत नाही. इंदूरचा माणूस म्हणतो, पक्की पाने करून देतो, बदल हवा तर मला सांगायचे. सूनबाई प्रियांका म्हणते, "बाबा, अशी घेऊ की आपणच आतून लिहू, आपणच काढू. एक पासवर्ड आपल्याकडे, एक धारला काकांकडे."

काका म्हणजे माधव, माझा धाकटा भाऊ. आमची थोरली बहीण अक्का धारला वारली तेव्हा मी पोहोचायच्या आत त्याने अग्नी दिला. माझी बस इंदूरला अडकली होती. तेव्हापासून बोलणे नाही.

मी पक्क्या पानांच्या बाजूचा.

५ ऑगस्ट
सूनबाईच्या पद्धतीचे नाव जुमला. हे काय नाव? म्हणाली, "हिंदीत जुमला म्हणजे वाक्य." तिचे शिक्षण सगळे हिंदीत. मराठी बोलते छान, वाचताना अडते.

विचारले, एकच पान दोघांनी लिहायला घेतले तर? "जो आधी उघडेल त्याचे. दुसऱ्याला कुलूप दिसते."

म्हणजे तिथेही माधवच आधी पोहोचणार.

८ ऑगस्ट
शालिग्राम, आमचा खजिनदार, भाजीबाजारात भेटला. "भिया, माधवरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, माहीत आहे का?" नाही म्हटले. कोणता डोळा ते विचारायची लाज वाटली. वडिलांचा उजवा गेला होता.

१० ऑगस्ट
सभा. हात वर झाले — जुमला. माझ्या बाजूने मी आणि इंदूरचा माणूस. त्याला मत नाही. शालिग्राम म्हणाला, "भिया, पक्क्या पानावर चूकही पक्की."

घरी येऊन चिठ्ठी लिहिली: "धारच्या माधवरावांसोबत काम करण्याबाबत माझा राजीनामा. शरद." सूनबाईला म्हटले, सगळ्यांना कळव. तिने दोनदा वाचली. डोळे पुसले, पाया पडली.

राजीनाम्याला पाया पडतात हे मला नवीन.

१४ ऑगस्ट
कोणी समजूत काढायला आले नाही. शालिग्रामने पाठीवर थाप मारली. "मोठं मन लागतं, भिया." एवढे नकोसे झालो होतो का मी?

२३ ऑगस्ट
वेबसाइट सुरू झाली. पहिली बातमी — "माधवरावांसोबत काम करण्यास शरदराव राजी". खाली मी, आमच्या मुलाच्या, नीलेशच्या लग्नातला, फेटा बांधून हसणारा.

हे काय, म्हटले. सूनबाई म्हणाली, "बाबा, राजीनामा दिलात ना तुम्ही? समझौता." तिच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट. आमच्यात म्हणजे सोडून देणे. हे तिला घरात कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

ती घाबरली. "एक बटन आहे बाबा. काढू?"

चहा घेतो, मग काढ, म्हटले. दुसराही कप घेतला.

२४ ऑगस्ट
बातमीखाली लिहायची जागा असते. पक्क्या पानांना नसती. तिथे आज हे: "दादा, एका डोळ्याने वाचले. मीही राजी. पितृपक्षात अक्काचे दोघांनी मिळून करू. या वेळी थांबतो. — माधव."

काढू नको म्हटले. सूनबाईने अक्षरे दाखवली, मी एकेक दाबली: "माधव, कोणता डोळा? लवकर कळव."