कादंबरी निम्म्यावर

प्रिय ताई,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तू पाठवलेली कादंबरी निम्म्यावर अडलीय. आजच्या काळातली बाई गुलामांच्या काळात जाऊन पडते. मालकाची चिमुरडी तिला कोठीत कोंडते, तेव्हा ‘काय दुष्ट कार्टी!’ म्हणत मी पुस्तक आपटलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा चहा केला, दोनदा गार झाला.

तू मावशीकडे, म्हणजे आमच्याकडे, शिकायला आलीस आणि धुण्याभांड्यांत अडकलीस. ‘घरचीच तर आहे,’ आई म्हणायची. आम्ही सगळे कुठे निघालो की तुला आत ठेवून बाहेरून कडी घालायचं काम माझं. माझा हात पुरत नसे. स्टूल तूच बाहेर आणून द्यायचीस आणि परत आत जायचीस.

तुझी,
धाकटी