मोदकांवर चाललेला बॉयलर

तीर्थस्वरूप राजारामकाकांस, मुलुंडहून पुतण्या दशरथ याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तो गोड मानून घ्यावा.) तुमची कंबर कशी आहे? काकीने मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, की अजून 'भात कापून होऊ दे' म्हणते आहे? इकडे सर्व क्षेम आहे आणि ते तुमच्यामुळे आहे. हे सांगण्यासाठीच मुख्यतः पत्र लिहायला बसलो.

गेल्या जत्रेला तुम्ही वनमालेच्या दम्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलंत. खरं सांगतो, मला फारसा भरवसा नव्हता. दम्याचं मूळ आमच्या खिडकीसमोरच उभं होतं. सोसायटीच्या मागल्या भिंतीला लागून व्हिस्कीची छोटी फॅक्टरी आहे, तिच्या बॉयलरमध्ये काळं, दाट भट्टीचं तेल जळायचं आणि धूर थेट आमच्या हॉलमध्ये पाहुण्यासारखा येऊन बसायचा. (पाहुणा निदान चहा झाल्यावर उठतो.) वाळत घातलेले पापड काळे, माझी बंडी काळी, आणि वनमाला रात्रभर उश्यांना टेकून बसलेली. डॉक्टर म्हणाले, घर बदला. ते स्वतः सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यांना बोलायला काय जातं?

तर काका, तुमचं गाऱ्हाणं फळलं, पण देवाने काम कोणाकडून करून घेतलं पाहा. माघात त्याच फॅक्टरीतली अपूर्वा नावाची इंजिनीअर मुलगी सोसायटीच्या मीटिंगला आली. म्हणाली, व्हिस्की काढून झाल्यावर धान्याचा चोथा उरतो, तो आम्ही बंद टाकीत कुजवून गॅस करतो आणि त्यावर बॉयलर चालवतो. पण गॅस थोडा कमी पडतो, मग तेल जाळावं लागतं. तुमचा ओला कचरा दिलात तर तेल बंद, धूर बंद, आणि हवेत जाणारा कार्बनही कमी. कार्बनचं मला तेवढं कळलं नाही, धुराचं कळलं. आमचे सेक्रेटरी देवव्रत सामंत (आपल्या शेजारच्या गावचे, तुम्ही त्यांच्या वडिलांना ओळखता) म्हणाले, माझ्या घरातली भाजीची देठं दारूच्या कारखान्यात जाणार नाहीत. त्यांच्या गावी वेशीवरच्या देवाला, राखणदाराला, दरवर्षी बाटली लागते, ती काय झाडाला लागते? पण हे मी मनात म्हटलं. उघडपणे सगळ्यांच्या हातापाया पडलो आणि ठराव पास करून घेतला. अपूर्वाने झाकणाचे हिरवे ड्रम पाठवले, फॅक्टरीचा ड्रायव्हर विकी टेम्पो घेऊन रोज येऊ लागला, आणि पाडव्यापर्यंत धूर थांबला. वनमाला आडवी झोपू लागली. काका, बायको शेजारी सरळ झोपली आहे आणि तिचा श्वास ऐकू येत नाही, यात केवढं सुख आहे ते मला या वयात समजलं. तुमचे, देवाचे आणि त्या पोरीचे उपकार कोणत्या क्रमाने मानावेत तेवढं कळत नाही.

इथपर्यंत सगळं झकास होतं. मग गणपती आले. यंदा सोसायटीच्या गणपतीच्या निर्माल्याची जबाबदारी माझ्याकडे होती. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून मी सोसायटीतलं सर्वांत स्वच्छ भांडं शोधलं. ते अपूर्वाने नुकताच पाठवलेला कोरा हिरवा ड्रम निघालं. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हार घातला, आणि फुलं, दूर्वा, प्रसादातले उरलेसुरले मोदक सगळं त्यात भक्तिभावाने जमा केलं. (मोदक वनमालेचे होते. कित्येक वर्षांनी ती वाफेपुढे उभी राहिली, हाताची सवय मोडली होती, म्हणून बरेच फुटले.) विसर्जनाच्या सकाळी विकी आला. हिरवा ड्रम आपला, एवढं त्याला ठाऊक. हार बघून त्याने आधी नमस्कार केला, मग ड्रम टेम्पोत चढवला.

मला कळलं ते अपूर्वाच्या फोनवरून. "काका, थँक यू. विसर्जनाच्या आठवड्यात एवढा गॅस आला की तेलाला हात लावला नाही. काय घातलं होतं ओ?" मी आधी फुशारून गेलो, मग स्वस्तिक आठवलं आणि खाली बसलो. बाप्पाच्या मोदकांवर व्हिस्की शिजली होती. गप्प राहायला हवं होतं, पण मी वनमालेला सांगितलं, भिंतीपलीकडे सामंतवहिनींनी ऐकलं, आणि संध्याकाळी मीटिंग लागली. सामंत म्हणाले, "वाट लावलीस रे दशरथ, देवाला दारूला लावलंस. कचरा बंद." लोक माना हलवू लागले. तेव्हा वनमाला उठली. सोसायटीत ती कधी तोंड उघडत नाही, त्यातून मालवणीत तर नाहीच. म्हणाली, "देवाक नको झाला असता, तर माझो दमो कित्याक गेलो असतो?" तरी ठराव झाला आणि कचरा बंद झाला. दोन-तीन दिवसांत चिमणीतून पुन्हा काळं यायला लागलं. वनमालेने कपाटातून जास्तीच्या उश्या काढून भिंतीशी उभ्या केल्या. मला ते बघवलं नाही, मी खाली फिरून आलो.

असो. कालपासून धूर कमी दिसतो, बहुधा वारा फिरला असावा. तुम्हाला या भानगडीचा त्रास द्यावा असं माझ्या मनात मुळीच नाही. फक्त आभार मानायचे होते. काकीला नमस्कार, तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
दशरथ

ता. क. : सामंत एका गोष्टीला नाही म्हणू शकत नाहीत, ती म्हणजे आपल्या देवाचा कौल. तरी येत्या सोमवारी गुरवाला देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावायला सांगून कौल घ्यावा, ही विनंती. गाऱ्हाण्यात 'निर्माल्य' आणि 'वनमालेचा श्वास' एवढंच म्हणावं. व्हिस्कीचा उल्लेख देवापुढे नको. पाकळी डावी पडली, म्हणजे देव नाही म्हणाला, तर प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावा.

दुसरा ता. क. : भाचा सुयोग गावी येतो आहे, त्याच्या पिशवीत राखणदारासाठी एक बाटली आहे. गॅसवर झालेली आहे, अपूर्वाने दिली. राखणदारापर्यंत ती भरलेली पोहोचावी. (मागच्या वेळची अर्धी पोहोचली होती, असं काकी म्हणत होती.)

तिसरा ता. क. : काका, मी वनमाला. नमस्कार करते. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं. कौल उजवा पडला तर यांना लगेच फोन करा. डावा पडला तर देवाला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, सून ऐकत नाही. वारा वगैरे काही फिरलेला नाही. ड्रम मी परवापासून रोज विकीच्या टेम्पोत चढवून देते, दुसऱ्या बाजूने सामंतवहिनी धरतात. उश्या कपाटात परत ठेवल्या आहेत.