गिझरच्या पोटाला टिका

फुलचूर,
कार्तिक, २००९

चिरंजीव धनेंद्र यास,

थोरला भाऊ धनलाल याचा तुम्हा सर्वांना भरभरून आशीर्वाद. तिकडे सालेकसाला धानाची कापणी आटोपली असेल, ओमेश्वरीची कंबरही आता बरी असेल. (भावजयीच्या कंबरेची चौकशी मी खास आस्थेने करतो आहे.) फोनच केला असता, पण आईच्या देखत हे बोलता येत नाही.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे, पण ठीक काही नाही. गणपतीनंतर मी आईसाठी गिझर आणला आणि त्याच जोशात अंगणातली पाणी तापवायची चूल सब्बलीने फोडून टाकली. (चूल राहिली असती तर तिने गिझरकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.) दसऱ्याला नांगर, विळे, मोटरपंप यांच्यासोबत गिझरचीही पूजा झाली, आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं. पाणी एकतर भात शिजेल असं उकळतं, नाहीतर सगळंच बंद पडून गारठलेलं येतं. त्यात आईचं कार्तिकस्नान. दोनदा पोळल्यावर तिने पिशवी भरली आणि सांगून टाकलं, उरलेला महिना धनेंद्रकडे, तिथे चूल आहे.

थोरल्याच्या घरी आंघोळीला पाणी नाही म्हणून आई धाकट्याकडे गेली, ही गोष्ट गावभर झाली असती. पण लोकांचं सोड. सकाळी तिची बोलणी खाल्ल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही, ती गेली तर घर खायला उठेल. म्हणून मी कंबर कसली. खुशाल मिस्त्री आला, बाहेरूनच पाहून म्हणाला, "सेन्सर गया भैया, पूरा बदलना पडेगा." (हा पंखा पाहायला आला तरी घर बदला म्हणतो.) त्याला चहा पाजून वाटेला लावलं, मेन स्विच पाडला आणि खालचं झाकण स्वतः उघडलं.

पाण्याची गरमी ओळखणारी तांब्याची बारीक नळी खोबणीतून निघून बाहेर लोंबत होती, कुंकवाच्या टिक्याने माखलेली, गळ्यात लाल धागा. गार हवेत बसून तिला पाणी गारच वाटायचं, म्हणून गिझर तापवतच राहायचा, आणि फारच झालं की सुरक्षेचं बटण सगळं बंद करायचं. मग आठवलं. दसऱ्याला आई म्हणाली होती, "पोटाले टिका नाही लावला त मशीन काऊन काम करंल?" झाकण मीच उघडून दिलं होतं, धागा तिने ओढून घट्ट बांधला होता. देवाची माफी मागून धागा सोडला, बाहेरच्या नळाला बांधला, नळी पुसून खोबणीत सारली. आता पाणी अंगाला सोसेल असं येतं.

तुझा,
धनलाल

ता.क. धाग्याचं आईला सांगू नको. दुकानदाराचा मालच खराब होता, असं मी तिला सांगितलं आहे.

ता.क. २. आज ती त्याच पाण्याने नाहली. म्हणाली, "पानी बेस हाय, पन धुराबिगर नाहल्यावानी वाटत नाही." तेव्हा ओमेश्वरीला दोन दिवस पाठव. चूल मांडावी तर तिनेच, मला फक्त फोडता येते.

ता.क. ३. ओमेश्वरी येईपर्यंत आईची पिशवी मी धानाच्या कोठीत लपवली आहे. आईचा फोन आला तर तुझी चूलही पडली म्हणून सांग.