एका बुटाची पृथ्वीप्रदक्षिणा

१ जानेवारी १९८९, रविवार. सकाळी ६.
नवी डायरी. जावयाच्या कंपनीची. मागे जगाचा नकाशा, देश आणि राजधान्या. पाचपासून वाचतोय. निम्मं जग संपलं.

दुपारी २.
डोंबिवलीहून नात आली, नीला. इंग्रजी शाळेत तिसरीला आहे. २१ तारखेला शाळेत आजी-आजोबा दिवस. विषय : एका परीकथेतून देशोदेशीची संस्कृती. वर्गातून एकच आजोबा न्यायचे, पाळी नीलाची. तिचे दुसरे आजोबा बी.ए. आहेत. मी सातवी, पण जुनी सातवी. म्हणालो, मी येतो. म्हणाली, बघू.
हे ‘बघू’ मला आवडलं नाही. पित्त झालं.

२ जानेवारी, सोमवार.
गोष्ट ठरली. सावत्र आई, राजवाड्यात मेजवानी, पळताना मुलीचा एक बूट मागे राहतो, राजपुत्र तो घेऊन घरोघर हिंडतो. प्रत्येक देशात तीच मुलगी आणि तोच बूट. अकरा देश घ्यायचे. माझ्या लायकीबद्दल शंका नको. वीस वर्षं कारखान्याच्या गेटवर होतो. दोन जर्मन आणि एक जपानी माझ्यासमोरून आत गेले. एक जर्मन हसलासुद्धा.

४ जानेवारी, बुधवार. सायंकाळी.
तालीम. कोपरीतल्या आमच्या चाळीतली सहा मुलं ओट्यावर बसवली. चिक्की द्यावी लागली. जपानपासून सुरुवात. सांगितलं, जपानी माणूस घरात शिरताना बूट बाहेर काढतो. शेजारच्या भिवाजीची नात शकू म्हणाली, मग त्या मुलीने पण राजवाड्याच्या दारात काढले असतील, म्हणजे दोन्ही राहिले, एक कसा? मी म्हणालो, पुढे ऐक. ती म्हणाली, आणि दारात शंभर जोड असणार, राजपुत्राला हिचा कुठला ते काय कळणार?
ही मुलगी पुढे वकील होणार किंवा वाया जाणार.
धाकू म्हणाला, चपला आपण पण बाहेर काढतो, मग आपण जपानी का? घाईत हो म्हणालो. दिवेलागणीपर्यंत पोरं दिसेल त्याला कमरेत वाकून टोकियो, टोकियो म्हणत होती. दूधवाल्यालाही.
पहिला दिवस यशस्वी.

८ जानेवारी, रविवार.
अरबस्तान. तापलेली वाळू. एक बूट गेल्यावर मुलगी लंगडी घालत घरी गेली, एवढं म्हणालो. सगळी मुलं उठून लंगडी खेळायला पळाली. परत आणून ध्रुवप्रदेश घेतला. बूट बर्फाला चिकटला म्हणून राहिला. हे कारण मला स्वतःला फार पटलं. धाकू म्हणाला, मग राजपुत्राने उपटला कसा? गरम पाणी ओतून. एवढ्या बर्फात गरम पाणी कुठून आणलं? चिक्की संपली.
आवडाबाई, म्हणजे आमची ही, बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून आली होती. म्हणाली, अवो, राजपुत्र बायकोच्या पायात सोताच्या हातानं बूट घालतो, तेवढं नीट शिकून घ्या. मी दुर्लक्ष केलं.
मग मुलांना म्हणाली, आपली पोरगी अनवाणी. तिची बांगडी पडली. राजपुत्र घरोघर कशाला हिंडतोय? गेला कासाराकडं. कासाराला सगळ्या कोळीवाड्याचे हात पाठ. बांगडी बघून म्हणाला, ही सव्वादोनची, डाव्या हाताची, ठमाबाईच्या सावत्र पोरीची. आणि जातोयस तर तिला सांग, हिरव्या आल्यात.
मुलं लोळली, रविवार म्हणून आलेली नीलाही. गोष्ट दोन मिनिटांत खलास. याला पद्धत म्हणत नाहीत. यात नकाशा कुठे आहे?

१५ जानेवारी, रविवार.
भिवाजीकडे नीलाचा फोन. दुसऱ्या आजोबांचा गुडघा धरलाय, तुम्ही या. म्हणजे निवड झाली! मग म्हणाली, आजोबा, बूट घालून या हं, चपला नको. आणि ‘पोरगी’ म्हणू नका.
मला बूट नाहीत. भिवाजीने मुलाच्या लग्नात घातलेले आपले काळे दिले. दोन नंबर मोठे. पुढे कापूस भरला. छातीत धडधड. डॉक्टर म्हणाला, काही नाही. यांना काय कळतं?

२१ जानेवारी, शनिवार. सायंकाळी ७.
कार्यक्रम पार पडला. हॉलमध्ये सतरंजी, त्यामुळे सगळ्यांची पादत्राणं दाराबाहेर. मी एक बूट दाखवायला आत नेला. जपान सुरू केला. पहिल्याच रांगेतून प्रश्न आला, मग दोन्ही बूट राहिले ना? तोच, शकूचा. डोंबिवलीपर्यंत पोचला! मी बूट उंच धरला. त्यातून कापूस पडला. मुलं हसली. बाईही. नीला हसली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली.
पुढचा देश आठवेना. एकही राजधानी आठवेना.
तेव्हा नीला उठली. माझ्या शेजारी येऊन म्हणाली, आता आमच्या कोळीवाड्यातली. आणि आजीची बांगडीची गोष्ट सांगितली. ‘हिरव्या आल्यात’ला मुलांनी हॉल डोक्यावर घेतला.
मी तिला मुद्दाम संधी दिली. चांगला शिक्षक हेच करतो.
गडबडीत तो बूट व्यासपीठावरच राहिला. एका बुटात आणि एका मोज्यात कोपरीला आलो.

२२ जानेवारी, रविवार.
बूट घेऊन कोणी आलं नाही. येतील. गोष्टीतही वेळ लागतो. भिवाजी मात्र दोनदा येऊन गेला.

२९ जानेवारी, रविवार.
नीला बूट घेऊन आली! ओट्यावर सगळी मुलं जमली. ती खाली बसून म्हणाली, आजोबा, पाय. कापसाशिवाय बूट माझ्या पायात गरगर फिरला. शकू ओरडली, हे नव्हेत, पुढचं घर! भिवाजीने पाय घातला. चपखल. टाळ्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी भिवाजी राजकन्या झाला आणि वाकून सगळ्यांना टोकियो म्हणाला.
मग नीलाने बाईंची चिठ्ठी दिली. मला वाटलं, आभार. पुढच्या शनिवारी आजींना पाठवा, बांगड्यांसह. आवडाबाई लगेच ट्रंकेतलं लुगडं काढायला गेली.
नीलाला विचारलं, आणि मी? ती म्हणाली, तुम्ही पण या ना. हॉलच्या दारात बसा. मागच्या वेळी चपलांची फार अदलाबदल झाली.
चाळीस मुलांचे जोड. जबाबदारीचं काम आहे. वीस वर्षांचा अनुभव वाया जाणार नाही.
म्हणालो, बुटांचं काय करू, भिवाजी आता देणार नाही. तर म्हणाली, तुमच्या चपला चालतील, आजोबा.